मागे वळून बघायचं नाही

प्रिय धाकट्या,

बाबा मंगळवारी गेले. आज रविवार. पाच दिवस तुला कळवलं नाही ते धांदलीत राहून गेलं म्हणून नाही, मुद्दाम कळवलं नाही. लॉजच्या मॅनेजरने दोनदा विचारलं, फोन लावून देऊ का. मी त्याला म्हटलं, माझं मी बघते. फोनवर तू मध्येच बोलतोस, ऐकवेनासं झालं की फोन दुसऱ्याच्या हातात देतोस, आणि समोरच्याला जे सांगायचं असतं ते घशातच राहतं. पत्राला मध्ये तोडता येत नाही. तेव्हा बैस आणि ओळीने वाच. गोष्टीचं पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडायची तुझी खोड मला ठाऊक आहे, ती आज आवर.

त्यांना त्रास झाला नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुला बरं वाटावं असं फारसं काही नाही. दुपारी जेवले, ताट स्वतः घासून पालथं घातलं, भिंतीला पाठ लावून बसले आणि तसेच राहिले. मी पाचला कामावरून आले तेव्हा अंग गार झालं होतं. न्यायला माणसं मिळेनात. सुतार आला, कारण तो कुणाचंच ऐकत नाही. दवाखान्यातली नर्स आली. तिसरी मी. चौथा खांदा लॉजच्या माळ्याचा, आणि तो बिचारा बेटावर येऊन आठ महिने झालेला, त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आपल्याकडे कुणीही गेलं तरी त्या दिवशी होड्या वाळूवरच राहतात, अगदी त्या तळीराम शिंप्यासाठीही राहिल्या होत्या. बुधवारी सकाळी आम्ही चौघं त्यांना घेऊन किनाऱ्याने निघालो तेव्हा एकही होडी वाळूवर नव्हती. फळीवर उभं राहून लाटा खेळणाऱ्या पाहुण्यांना घेऊन सगळ्या लाटेवर गेल्या होत्या. एकीत गाणी लावली होती. चाळीस वर्षं ज्या माणसाने ह्याच होड्या, ह्यांच्याच बापांच्या होड्या, सुखरूप आत घेतल्या, त्याच्यासाठी एकानेही इंजिन बंद केलं नाही.

तू म्हणशील, लोक विसरत नाहीत. खरंच विसरत नाहीत. बाबांनी एकदा चुकीच्या वेळी कापड वर केलं आणि स्वतःच्या जावयाला बुडवलं, हे बेटावर शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. तेवढं एकच त्यांचं उरलं.

तुला लहानपण आठवतं का, की व्यासपीठावरून सांगून सांगून ते आता झिजलं? पाण्याखालच्या खडकांची रांग, तिच्यात ती एकच खिंड, आणि खिंडीच्या अलीकडे काळा खडक. खडकावर बाबा. बाहेर होड्या इंजिन हळू ठेवून थांबलेल्या, बाबा ओठ न हलवता लाटा मोजायचे. मोठ्या लाटांचा घोळका सरला की मध्ये जरा उसंत मिळते, चाळीस आकड्यांपुरती. ती उसंत लागली की पांढरं कापड वर. कापड वर गेलं की होडीतल्याने इंजिन पूर्ण सोडायचं आणि मागे वळून बघायचं नाही. मागे बघणारा बिचकतो, बिचकणारा हात सैल सोडतो, आणि हात सैल सोडणारा खडकावर जातो. म्हणून नियम एकच: लाट बघायचं काम खडकावरच्याचं, होडीतल्याने फक्त कापड बघायचं. बाबांनी आपल्या दोघांना शेजारी शेजारी बसवून मोजणी शिकवली. मला तुझ्यापेक्षा चांगली यायची. तू तिसाव्या आकड्यालाच चुळबुळ करायचास. पण मुलगी खडकावर कशी बसणार, म्हणून मला घर आणि तुला कापड. तुला कापड नको होतं. तुला लाट हवी होती.

पहिला पाहुणा आला तेव्हा तू चौदाचा होतास. त्याने जाताना आपली फुटकी फळी तुला दिली, आणि आईने तिच्यावर मासळी वाळवायला घातली म्हणून तू दोन दिवस जेवला नाहीस. पुढचं सगळं तुझ्या पोस्टरवर आहेच, ते तुझ्याकडून ऐकावं. तू सांगत नाहीस ते मी सांगते. तुझा फोटो बाहेर छापून आला आणि दोन वर्षांत धक्क्यावर उतरायला जागा राहिली नाही. ज्या लाटेला आपण नुसतं ‘डावीकडची’ म्हणायचो तिला त्यांनी नाव ठेवलं, आणि आता आपली पोरंही तेच नाव घेतात. न्हाव्याने दुकानात फळीला लावायचं मेण ठेवलं, मग खुर्च्याच काढून टाकल्या. दाढी करायची तर आता नर्सच्या नवऱ्याकडे जायचं. सुतार होड्या सोडून फळ्यांना ठिगळं लावतो. जाळी वाळवायची दोरी काढायला लावली, कारण पाहुण्यांना वास येतो. मासे आता बर्फाच्या पेट्यांतून बाहेरून येतात आणि लॉजमध्ये ताजे म्हणून खपतात. विहीर खारट झाली, पण फळीवरून उतरलेल्यांच्या पायांवरची वाळू धुवायला सहा नळ आहेत. मी त्यांची निंदा करते असं समजू नकोस. ते वाईट नाहीत. येताना हसतात, जाताना चपला विसरतात. आपणच घर झाडून, मागचं दार उघडं ठेवून, या बसा म्हणत उभे राहिलो, आणि मग बसले म्हणून कुरकुरलो.

होडीवाले एकेक करून पाहुणे नेऊ लागले. त्यात मोजणी लागत नाही. खिंडीच्या बाजूने वळसा घालून लाटेच्या कडेला माणसं सोडायची आणि ऊन खात बसायचं. मासे धरायला जाणाऱ्या तीनच होड्या उरल्या. त्यातली एक तुझ्या भावोजींची. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. हट्टी होतेच ते. म्हणायचे, माणसं पोहोचवण्यात काय आहे, माणूस ओरडतो तरी. माशाला शोधावं लागतं. बाबांना लॉजने कामावर घेतलं, ते तर तुझ्याच शब्दाने. सकाळी अकराला आणि दुपारी चारला खडकावर उभं राहून कापड हलवायचं, खाली पाहुणे फोटो काढणार. बाबांनी मान्य केलं, पण अट घातली. खेळाला नारिंगी कापड. पांढरं फक्त होडीला. मॅनेजर हसला आणि नारिंगी आणून दिलं. चार वर्षं बाबांनी दोन कापडं दोन खुंट्यांना टांगली आणि कधी गल्लत केली नाही. डोळ्यांनी अधू होते म्हणतात ना सगळे? खुंट्या त्यांनी कधी चुकवल्या नाहीत.

मग तू आलास, कॅमेरावाल्यांना घेऊन, चार दिवसांसाठी. मला साबण आणलास, माझ्या मुलीला फळी. बाबांना गडद काळा चष्मा, जो त्यांनी एकदाही घातला नाही. चौथ्या दिवशी दुपारी दोन होड्या आत आल्या होत्या, तिसरी बाहेर होती. तुमची बोट चारची, मागच्या धक्क्यावरून. साडेतीनच्या सुमाराला पांढरं कापड वर गेलं. तुझे भावोजी नुकतेच टोकावरून वळून खिंडीसमोर आले होते. त्यांनी कापड बघितलं आणि इंजिन सोडलं, जसं बावीस वर्षं सोडत आले होते. मागे चौथी मोठी लाट होती, आणि अजून तीन यायच्या होत्या. त्यांनी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर वाचले असते, हे मला सुताराने मागाहून सांगितलं; त्याला वाटलं असेल की अशाने मला धीर येईल. फळीवाल्यांनीच पाण्यात उड्या घेतल्या, दोघांनी त्यांना एका फळीवर घालून वाळूवर आणलं, एकाचा पाय खडकाने फाटला. ते मी विसरलेली नाही. वाईटाला वाईट म्हणायचं तर चांगल्यालाही चांगलं म्हणायला हवं. वाळूवर सगळं बेट जमलं होतं. बेटाच्या समितीच्या म्हाताऱ्याने विचारलं, खडकावर कोण होतं. बाबा गर्दीत मागे उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, मी.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन. मी तुला सांगितलं, ते गेले. तू आधी काय विचारलंस आठवतं? माणूस विचारतो, कसे गेले. तू विचारलंस, किती वाजता. मी म्हटलं, साडेतीनला. मग तू इतका वेळ गप्प राहिलास की मला वाटलं लाइन गेली. मी म्हटलं, बाबांचा अंदाज चुकला म्हणतात. त्यावर तुझ्या तोंडून श्वास सुटला तो मला इकडे ऐकू आला. आणि मग तुला वाचा फुटली. बाबांना आता दिसत नाही, त्यांना तिथे बसवायलाच नको होतं, मी कधीपासून सांगतोय, ताई, तू लक्ष का दिलं नाहीस. मी ऐकून घेतलं. नवरा गेल्याला एक दिवस झाला होता आणि मी फोन कानाला लावून तुझी बोलणी खाल्ली.

पुढे तू ती गोष्ट लोकांना सांगायला लागलास. मुलीने मला तिच्या फोनवर दाखवलं. मोठं सभागृह, तू अनवाणी, मागे पडद्यावर आपला खडक. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच चुकीचं मोजलं, समुद्र कुणालाही दुसरी संधी देत नाही, वगैरे. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. माझी मुलगी रडत होती. त्या रात्री ती मला म्हणाली की मामा किती मोठ्या मनाचा, आजोबांना माफ केलं त्याने.

मुलीने केलं नाही माफ. तेव्हा ती तेराची होती, आता सोळाची आहे. तीन वर्षं तिने आजोबांच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. ते समोरून आले की ती वाट सोडून वाळूत उतरायची. खडकावर चढायला समितीने त्यांना बंदी केली, लॉजने काम काढून घेतलं, दुकानदार सुट्टे पैसे हातात द्यायचा नाही, गल्ल्यावर ठेवायचा. मीही लोकांसमोर त्यांच्याशी बोलत नव्हते. लोकांना ते शोभून दिसायचं. नवऱ्याला बुडवणाऱ्या बापाशी कोण बोलेल. मी मागच्या खिडकीतून त्यांना जेवणाचं ताट द्यायचे आणि ते खिडकीतूनच रिकामं ताट परत द्यायचे, घासून. कधी तक्रार नाही. एकदाच म्हणाले, आमटीत मीठ जास्त झालं.

आता ऐक. त्या दिवशी साडेतीनला बाबा खडकावर नव्हते. ते लॉजच्या धुण्याच्या खोलीत माझ्यासमोर पालथ्या बादलीवर बसून चहा पीत होते. ओल्या चादरी पिळत मीच त्यांना विचारलं, होडी बाहेर असताना खाली कसे आलात. ते हसले. इतकं हसताना मी त्यांना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. म्हणाले, पोरगं बसलंय वर. कॅमेरावाले पांढरं कापड हलवा म्हणत होते, नारिंगी उन्हात दिसत नाही म्हणे. मी सांगितलं, होडी बाहेर आहे, पांढरं हलणार नाही. तर धाकटा म्हणाला, बाबा, तुम्ही चहा घेऊन या, तोवर मी मोजतो, मी काही विसरलेलो नाही. मग म्हणाले, बारा वर्षांनी बसला गं तो माझ्या जागेवर. बशीतला चहा संपायच्या आत बाहेर आरडाओरडा सुरू झाला.

तुला वाटलं असेल, होडी अजून दिसत नाही, तेवढ्यात होऊन जाईल. कॅमेरा किनाऱ्यावर, तू किनाऱ्याकडे तोंड केलेलं, खिंड तुझ्या पाठीशी. तूही मागे बघितलं नाहीस. तीनदा कापड वर केलंस, खुंटीला अडकवलंस, पलीकडच्या वाटेने उतरून बोट गाठलीस. खालून खडकाकडे बघितलं की उन्हात माणूस दिसत नाही, कापड दिसतं. म्हणून बेटाला काही कळलं नाही. कॅमेरावाले तुझ्याच बोटीने गेले, त्यांना काय ठाऊक. आणि ती फिल्म तीन वर्षं लॉजच्या बैठकीत दिवसभर चालू असते, ‘बेटाचा म्हातारा राखणदार’ म्हणून. त्या पडद्याची धूळ मी रोज पुसते. कापड वर जातं, खाली येतं, वर जातं. चेहरा दिसत नाही. पण हात डावा आहे, धाकट्या. आपल्या घरात डावखुरा एकच.

त्या संध्याकाळी बाबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तुझा नवरा मी परत आणू शकत नाही. भाऊ तरी राहू दे तुला. मी असेपर्यंत त्याला कळू देऊ नकोस की आपल्याला ठाऊक आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी शब्द दिला. दिला, कारण त्या वेळी मला उभं राहायला काहीतरी हवं होतं. पुढे तीन वर्षं मी रोज खिडकीतून ताट देताना तो शब्द मोडावासा वाटायचा, आणि बाबा माझ्या तोंडाकडे बघूनच मान हलवायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे संन्यासी स्वतःच फास गळ्यात अडकवून उभा होता. शब्द त्यांच्या असण्यापुरता होता. बुधवारी त्यांना मातीत ठेवलं, गुरुवारी मी समितीत गेले.

सगळं सांगितलं. चहा, बादली, डावा हात. न्हाव्याने फोनवर फिल्म काढली, सगळ्यांनी माना घालून बघितली. समितीच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे खरं. मला वाटलं, आता उठतील, निदान चार माणसं जाऊन बाबांच्या मातीवर हात तरी ठेवतील. मग न्हावी म्हणाला, फळ्यांची स्पर्धा पाच आठवड्यांवर आली. चाळीस खोल्या धाकट्याच्या नावावर भरल्यात. तो येणार नसेल तर कोण येणार. दुसरा म्हणाला, म्हातारा तर गेला, त्याला आता काय फरक पडतो. तिसरा म्हणाला, ताई, तूही लॉजमध्येच काम करतेस. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की होतं ते बरं होतं. जे तीन वर्षं बाबांना बघून थुंकत होते, त्यांना खरं कळल्यावर पाच मिनिटंही सोसवलं नाही. तेव्हा तू निर्धास्त राहा. इथे तुला कुणी एक शब्द बोलणार नाही. तुझ्या नावाची कमान उभी राहते आहे, तुझ्या खोलीच्या चादरी मीच धुऊन इस्त्री करून ठेवणार आहे, आणि टाळ्या वाजतील तेव्हा मीही वाजवेन.

हे पत्र मी तुला दुखवायला लिहिलं, हे कबूल करते. तेवढा हक्क मला आहे. पण नुसतं तेवढ्यासाठी पाच पानं कुणी लिहीत नाही. बेटाने ऐकलं नाही, आता सांगायला एकच माणूस उरलं आहे, आणि तिला मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ती म्हणेल, आई, तू मामावर जळतेस. तुझी फिल्म, तुझी भाषणं, तुझी फळी तिच्या खोलीत भिंतभर आहेत. तिला तू सांगायचंस. तिचे वडील कसे गेले ते, आणि ज्या आजोबांना बघून ती तीन वर्षं वाट सोडून चालली, ते त्या वेळी कुठे बसले होते ते. बाबांना नेलं त्या दिवशी ती आली नाही, दिवसभर लाटेवर होती, ह्याचं पुढे तिला काय होईल ते मला माहीत नाही. तेही तूच बघ. नाही सांगितलंस तरी मी तुला काही करू शकत नाही, जेवायला वाढेन, पाणी देईन. स्पर्धेत तिनेही नाव दिलं आहे. तू येशील त्या दिवशी तिने शाळेतून सुट्टी घेतली आहे, आणि धक्क्यावर तुला घ्यायला ती एकटीच येणार आहे.

दुसरा भाऊ नाही म्हणून तुझीच,
ताई